जाम झालेली मशीन भंगारात घालू नका

परवा राहुरीहून एक काकू सासूबाईंची सिंगर हात मशीन घेऊन आल्या. चाक जागचं हलत नव्हतं. भंगारवाला किलोवर न्यायला तयारच होता.

जुन्या शिलाई मशीन जमवून चालू करणं हा माझा छंद, त्यामुळे आधी नंबर पाहिला. तो उजवीकडे बैठकीवर कोरलेला असतो. १९०० नंतरच्या सिंगरवर नंबराआधी अक्षर असतं. एफ, जे किंवा वाय असेल, तर मशीन स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातली. काकूंची ‘वाय’ निघाली, म्हणजे दोन महायुद्धांच्या मधली!

मशीन जाम होते ती बहुतेक वेळा वाळलेल्या तेलाने. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घालतात, ते चिकटून बसतं.

✅ तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब सोडा, रात्रभर मुरू द्या.

✅ चाकाला जोर लावू नका. हलकेच मागेपुढे करा.

✅ सुईखालची पट्टी काढा. दात्यांमध्ये धाग्यांचा भुसा नमद्यासारखा घट्ट बसलेला असतो. टोचणीने उकरा.

✅ शेवटी शिलाई मशीनचंच पातळ तेल घाला.

❌ सोनेरी नक्षीला स्पिरिट किंवा थिनर लावू नका. वरचं लाखेचं पॉलिश विरघळतं आणि नक्षी कायमची जाते.

काकूंच्या मशीनवर आता सरळ, एकसारखी टीप पडते.

कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगची जुनी उषा असेल, तरी पद्धत हीच. अहिल्यानगर जिल्ह्यात कुणाच्या माळ्यावर अशी मशीन पडली असेल, तर नंबराचा फोटो टाका. काहीही अडलं तर बिनधास्त विचारा, जमेल तेवढं नक्की सांगेन.