मंगळ चंद्राएवढा कधीच दिसत नाही

ऑगस्ट उजाडला की मोबाइलवर तोच संदेश फिरू लागतो : २७ तारखेच्या रात्री मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार! मुलं हौसेने गच्चीवर जातात आणि हिरमुसून खाली येतात. त्यांचा आकाशावरचा विश्वास उडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

या अफवेमागे एक खरी घटना आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. तेव्हाच्या ईमेलमध्ये म्हटलं होतं, की दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिला, तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. हे गणित बरोबर होतं. पुढे संदेशातून दुर्बीण गळाली आणि वर्षही गळालं. मंगळाचा व्यास चंद्राच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणजे नुसत्या डोळ्यांना तो चंद्राएवढा दिसायला साधारण साडेसात लाख किलोमीटरवर यायला हवा. तसं झालं तर समुद्राला चंद्रामुळे येते निदान तेवढीच भरती मंगळामुळेही येईल.

मंगळ दरवर्षी जवळ येतो, हेही खरं नाही. सूर्याभोवती फिरायला त्याला ६८७ दिवस लागतात. त्यामुळे पृथ्वी त्याला साधारण २६ महिन्यांनी एकदाच गाठते. हीच त्याची प्रतियुती. कक्षा बरीच लंबगोल असल्याने दर प्रतियुतीला अंतरही वेगळं असतं.

तो लाल आहे म्हणून तापलेला असेल, असंही अनेकांना वाटतं. ती लाली गंजलेल्या लोखंडाच्या धुळीची आहे. तिथलं सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं.

आणि वक्री मंगळ? त्याची धास्ती घेणारे लोक अजून भेटतात. कोणताही ग्रह आपल्या कक्षेत उलटा फिरत नाही. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर धावते, मंगळ २४. आतल्या कक्षेतून आपण त्याला मागे टाकतो, तेव्हा शेजारच्या रुळावरची संथ गाडी मागे जाताना भासावी तसा तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पश्चिमेकडे सरकताना दिसतो.

हे स्वतः पडताळता येईल. पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला, सिंह राशीत मघा ताऱ्याजवळ आहे. अंतर सुमारे १० कोटी किलोमीटर, म्हणजे २००३ च्या जवळपास दुप्पट. तरीही संध्याकाळी पूर्वेला उगवणारा मंगळ सहज ओळखू येईल. गुरूही त्याच भागात असेल, पण तो अधिक तेजस्वी आणि पांढुरका, मंगळ तांबूस. आठवड्यातून एकदा मघेच्या तुलनेत त्याची जागा वहीत काढून ठेवा. जानेवारीच्या मध्यावर तो मघेच्या पूर्वेला असेल, मार्चअखेर पश्चिमेला गेलेला दिसेल, आणि एप्रिलमध्ये पुन्हा पूर्वेकडे निघेल.