मेंदूचे बाह्यक : थर, पेशी आणि मालवणी भाषकाची वाचा

मेंदू आणि भाषा यांच्या संबंधाविषयी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याची समजूत पुष्कळदा एका ठरावीक आकृतीवर आधारलेली असते. मेंदूच्या डाव्या अर्धगोलावर दोन भाग रंगवलेले असतात. पुढच्या भागाला ब्रोका यांचे नाव असते, मागच्या भागाला व्हेर्निके यांचे. पहिले बोलण्याचे केंद्र, दुसरे आकलनाचे. ही आकृती सर्वस्वी चुकीची नाही. तथापि नकाशावर गावाची जागा दाखवली म्हणून त्या गावातील घरांची बांधणी कळत नाही, तसेच या आकृतीवरून त्या दोन भागांच्या ऊतीची घडण कळत नाही. ती कळल्यावाचून भाषेची मेंदूतील जागा सांगणाऱ्या कोणत्याही विधानाचे वजन ठरवता येत नाही.

या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. पक्षाघातानंतर वाचा अडखळलेला मालवण तालुक्यातील एखादा रुग्ण ‘तो गेलो’ असे म्हणाला, तर ती मेंदूला झालेल्या इजेची खूण मानावी, की त्याच्या बोलीच्या व्याकरणाची? उत्तर चुकले तर निदान चुकते, आणि निदानावर अवलंबून असलेली वाचोपचाराची दिशाही चुकते. प्रस्तुत लेखात प्रथम बाह्यकाची रचना आणि त्यातील पेशींचे प्रकार यांचा परिचय करून दिला आहे व त्यानंतर या प्रश्नाचा विचार केला आहे.

थरांची रचना

प्रमस्तिष्काच्या दोन्ही अर्धगोलांवर पसरलेल्या करड्या रंगाच्या पातळ आवरणास बाह्यक म्हणतात. त्याची जाडी सुमारे २ ते ४ मिलिमीटर असते. हे आवरण कवटीच्या मर्यादित जागेत मावावे म्हणून त्याला असंख्य वळ्या व खाचा पडलेल्या असतात. एकूण पृष्ठभागापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग खाचांच्या आत दडलेला असतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असून त्यांपैकी सुमारे १,६०० कोटी बाह्यकात असतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळून आले.

बाह्यकाचा बहुतेक भाग सहा थरांचा असतो. वरून पहिल्या थरात पेशी फार थोड्या; तो मुख्यतः तंतूंच्या टोकांचा बनलेला असतो. दुसरा बाह्य कणस्तर आणि तिसरा बाह्य पिरॅमिडी स्तर यांतील पेशींचे तंतू प्राधान्याने बाह्यकाच्याच इतर भागांकडे आणि समोरच्या अर्धगोलाकडे जातात. चौथा आंतर कणस्तर होय. डोळा, कान, त्वचा यांच्याकडून येणारे संदेश थॅलॅमसमार्गे प्रामुख्याने या थरात पोचतात. पाचव्या आंतर पिरॅमिडी स्तरातून मस्तिष्कस्तंभ आणि मेरुरज्जू यांच्याकडे जाणारे लांब तंतू निघतात. सहावा बहुरूपी स्तर बाह्यकातून थॅलॅमसकडे परतणाऱ्या तंतूंचा मोठा उगम आहे. स्थूलमानाने, मधला थर ग्रहण करतो, वरचे थर बाह्यकातील भागांना परस्परांशी जोडतात आणि खालचे थर आज्ञा बाहेर पाठवतात.

हे थर रचले जाण्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. गर्भावस्थेत मज्जापेशी मेंदूच्या आतील पोकळीलगत जन्म घेतात आणि तेथून पृष्ठभागाच्या दिशेने सरकतात. मागाहून जन्मलेल्या पेशी आधीच्या पेशींना ओलांडून वर जातात. त्यामुळे सामान्यतः खालचे थर आधी आणि वरचे नंतर भरतात. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२४ साली गर्भावस्थेच्या दुसऱ्या तिमाहीतील मानवी मेंदूच्या ५,१३२ छेदांची चित्रमाला प्रसिद्ध केली. तिच्यात या घडणीच्या अवस्था पाहता येतात. बाह्यकातील बहुतेक मज्जापेशी जन्मापूर्वीच आपापल्या थरांत पोचलेल्या असतात. म्हणजे मूल मालवणात वाढो वा पुण्यात, सहा थरांचा आराखडा त्याने पहिला शब्द उच्चारण्याच्या पुष्कळ आधी तयार असतो. भाषेच्या संस्काराने पुढे बदलतात ते पेशींमधील अनुबंध.

पेशींचे प्रकार

मज्जापेशींचे स्वरूप दृष्टीस पडू लागले ते कामील्लो गॉल्जी यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या चांदीच्या रंजनपद्धतीमुळे. या पद्धतीत ऊतीतील फार थोड्या पेशी रंगतात. पण ज्या रंगतात त्या शाखा-उपशाखांसह उमटतात. सांत्यागो रामोन इ काहाल यांनी याच पद्धतीच्या साहाय्याने प्रत्येक मज्जापेशी हा स्वतंत्र घटक आहे, असे प्रतिपादन केले. गॉल्जी यांना हे मत मान्य नव्हते. त्यांच्या मते मज्जातंतूंचे जाळे सलग होते. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक मात्र दोघांना मिळून देण्यात आले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील सूक्ष्म अंतर दाखवून दिले आणि काहाल यांच्या मतास बळकटी आली.

बाह्यकातील सुमारे चार पंचमांश मज्जापेशी उत्तेजक असतात. त्यांत पिरॅमिडी पेशींची संख्या सर्वांत मोठी. पेशीचा पिंड त्रिकोणी, शिखरापासून पृष्ठभागाकडे जाणारा एक जाड शाखातंतू, तळापासून बाजूंना पसरणारे अनेक शाखातंतू, आणि खाली उतरून दूर जाणारा एक अक्षतंतू, अशी तिची रचना असते. शाखातंतूंवर बारीक कंटक असतात व उत्तेजक संदेश घेणारे बहुतेक अनुबंध त्यांवर होतात. या पेशी ग्लुटामेट या द्रव्याच्या साहाय्याने पुढील पेशीस उत्तेजित करतात. व्लादिमिर बेट्झ यांनी १८७४ साली वर्णिलेल्या प्रचंड पिरॅमिडी पेशी प्राथमिक प्रेरक क्षेत्राच्या पाचव्या थरात आढळतात. चौथ्या थरात, विशेषतः संवेदी क्षेत्रांत, आखूड तंतूंच्या कंटकयुक्त तारकापेशी असतात.

उरलेल्या सुमारे एक पंचमांश पेशी निरोधक होत. त्यांचे तंतू बहुधा जवळच्या परिसरातच संपतात आणि त्या गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्लाच्या साहाय्याने इतर पेशींना आवर घालतात. टोपलीपेशींचे तंतू पिरॅमिडी पेशीच्या पिंडाभोवती टोपलीप्रमाणे विणलेले असतात. झुंबरपेशी अक्षतंतूच्या आरंभीच्या टोकावर, म्हणजे संदेश जेथे उगम पावतो तेथेच, नियंत्रण ठेवतात. मार्टिनोटी पेशी आपला अक्षतंतू वर पहिल्या थरापर्यंत पाठवून तेथील शाखातंतूंना आवर घालतात. यांखेरीज आधारपेशी असतात. त्यांपैकी काही मज्जापेशींचे पोषण व रासायनिक समतोल सांभाळतात, काही अक्षतंतूंवर मायेलिनचे वेष्टन चढवतात, तर काही इजा व रोग यांच्या प्रतिकारात भाग घेतात.

आकारावरून केलेल्या या वर्गीकरणास आता जनुकांच्या व्यवहारावरून केलेल्या वर्गीकरणाची जोड मिळाली आहे. २०१९ साली मानवाच्या मध्य शंखवळीतील पेशींचा या पद्धतीने अभ्यास झाला. भाषेच्या व्यवहारात या वळीचा सहभाग असतो. तीत ७५ प्रकारच्या पेशी आढळल्या : ४५ निरोधक, २४ उत्तेजक आणि ६ मज्जापेशींव्यतिरिक्त. भाषाशास्त्रज्ञाने लक्षात ठेवावा असा भाग पुढेच आहे. यांतील बहुतेक प्रकारांना समांतर असे प्रकार उंदराच्या बाह्यकातही सापडले. फरक होता तो पेशींच्या प्रमाणात, थरांतील वाटणीत आणि जनुकांच्या कार्यात. भाषेसाठी राखून ठेवलेली अशी कोणतीही पेशी या यादीत नाही.

क्षेत्रे आणि त्यांच्या सीमा

सर्वत्र सहाच थर असतील तर क्षेत्रे वेगळी कशी ओळखावी? कोर्बिनियन ब्रोडमान यांनी १९०९ साली याचे उत्तर थरांच्या प्रमाणात शोधले. डोळ्यांकडून आलेले संदेश प्रथम स्वीकारणाऱ्या क्षेत्र १७ मध्ये चौथा थर जाड व पोटथरांत विभागलेला असतो. प्रेरक क्षेत्र ४ मध्ये तोच थर प्रौढावस्थेत जवळजवळ ओळखू येत नाही. ब्रोका यांच्या प्रदेशात ४४ व ४५ ही दोन क्षेत्रे येतात. ४४ मध्ये चौथा थर पातळ व तुटक असतो, ४५ मध्ये तो स्पष्ट असतो. म्हणजे ज्याला आपण एक केंद्र म्हणतो तेथे किमान दोन भिन्न घडणी शेजारी शेजारी नांदतात. शिवाय त्यांच्या सीमा पृष्ठभागावरील खाचांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि व्यक्तीगणिक बदलतात, असे काट्रिन आमुन्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले.

६० हून अधिक भाषा जाणणारे जर्मन दुभाषी एमील क्रेब्स १९३० साली निवर्तले. त्यांच्या जतन केलेल्या मेंदूचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. या प्रदेशाच्या पेशीरचनेत इतरांहून काही फरक आढळला. परंतु तो पेशींच्या मांडणीचा होता, नव्या प्रकारच्या पेशींचा नव्हता. शिवाय एका मेंदूवरून हा फरक जन्मजात की अभ्यासाने आलेला, हे ठरवता येत नाही.

ब्रोका यांनी १८६१ साली तपासलेल्या लबोर्ञ नावाच्या रुग्णाचा मेंदूही पॅरिसमध्ये जतन केलेला आहे. २००७ साली त्याची चुंबकीय प्रतिमा घेतली असता इजा पृष्ठभागापुरती मर्यादित नसून खोलवर, क्षेत्रांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली दिसली. भाषा या जोडणीवर किती अवलंबून आहे, याचा हा पुरावा होय. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना मासळी जाळ्याच्या कोणत्या गाठीने धरली, असे विचारणे जितके निरर्थक, तितकेच व्याकरण कोणत्या पेशीत राहते असे विचारणे निरर्थक ठरते.

वाचाघात आणि मालवणी

पक्षाघातात बहुधा एखादी रोहिणी तुंबते किंवा फुटते. ती ज्या प्रदेशाला रक्त पुरवते तेथील सर्व थरांतील पेशींना व खालच्या तंतूंना एकदमच झळ पोचते. इजेचा आकार रक्तवाहिनीच्या विस्ताराप्रमाणे ठरतो; व्याकरणाच्या विभागांशी त्याचा संबंध नसतो. यास्तव इजेची जागा प्रतिमेत दिसली तरी भाषेचा कोणता अंश गेला आणि कोणता उरला, हे रुग्णाच्या बोलण्यावरूनच ठरवावे लागते. येथे बोलीच्या वर्णनाचे महत्त्व सुरू होते.

मालवणीत पुल्लिंगी तृतीय पुरुषी भूतकाळ ओकारान्त असतो : ‘तो गेलो’, ‘आंबो पडलो’. प्रमाण मराठीत ‘गेलो’ हे प्रथम पुरुषाचे रूप आहे. मालवणीत त्या जागी ‘मी गेलंय’ येते. नपुंसकलिंगी रूप ‘ता गेला’ असे होते, आणि म्हणून ‘काय झाले?’ ऐवजी ‘काय झाला?’ असे विचारले जाते. ‘चेडू’ म्हणजे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी असल्याने ‘चेडू इला’ हे निर्दोष वाक्य आहे. प्रमाण मराठीची फूटपट्टी लावणारा परीक्षक या वाक्यांत पुरुषाच्या आणि लिंगाच्या चुका सहज नोंदवील. अन्वयाच्या अशा चुका व्याकरणलोपी वाचाघातात खरोखरच आढळत असल्यामुळे त्याला आपल्या नोंदीविषयी शंकाही येणार नाही.

शब्दांबाबतही तेच घडते. घरापुढील अंगणाचे चित्र दाखवले असता मालवणी रुग्ण ‘खळा’ म्हणेल. प्रमाण मराठीत खळे म्हणजे मळणीची जागा. म्हणून हे उत्तर शब्दभ्रमाचे उदाहरण ठरेल. मुलाला ‘झील’ म्हटले तर परीक्षकास गाण्यातील झील आठवेल.

याच्या उलट प्रकारही संभवतो. रुग्ण ‘झील गेला’ असे म्हणाला तर मालवणीच्या दृष्टीने ते लिंगाचे स्खलन असू शकते, किंवा शाळेत शिकलेल्या प्रमाण मराठीकडे वळणेही असू शकते. सुटे वाक्य येथे निर्णय देत नाही. त्याच संभाषणातील इतर रूपे पाहावी लागतात. बाकीचे बोलणे मालवणीत असून अशी रूपे तुरळक व अनियमित असतील, तर इजेची शंका घेण्यास आधार मिळतो.

सिंधुदुर्गातील बहुसंख्य भाषक घरात एक आणि शाळा-कचेरीत दुसरी अशा दोन व्यवस्था वापरतात. मेंदूच्या इजेनंतर आधी शिकलेली भाषा अधिक टिकते, असे रिबो यांचे मत होते. पित्र यांनी १८९५ साली अधिक परिचयाची भाषा आधी परतते असे मांडले. पुढील काळात गोळा झालेल्या नोंदींत मात्र दोन्ही भाषा बरोबरीने परतल्याची उदाहरणे सर्वांत अधिक आहेत. एकच ऊती दोन्ही व्यवस्थांना आधार देत असल्यास हे अपेक्षितच म्हणावे लागेल. पण बरोबरीने परतल्या की नाही, हे कळण्यासाठी दोन्ही तपासल्या पाहिजेत.

या बाबतीत गणनेचे वर्गही फारसे साहाय्य करीत नाहीत. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा ‘मालवणी’ सांगणाऱ्याची गणना कोंकणीच्या गटात झाली. त्याच घरातील दुसऱ्याने ‘मराठी’ सांगितल्यास ती मराठीत झाली. हैदराबाद येथे २०१३ साली सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसून आली होती. असा अभ्यास सिंधुदुर्गात करावयाचा झाल्यास मालवणी-मराठी भाषकास एकभाषक मानावे की द्विभाषक, हा पहिला प्रश्न पडेल, आणि निष्कर्ष पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून राहील.

डॉ. अमृत माधव घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत कुडाळीचे वर्णन १९६५ साली प्रसिद्ध केले. मालवणीचेच हे दुसरे नाव होय. तेव्हा अशा तपासणीचा व्याकरणविषयक पाया नव्याने घालावा लागणार नाही. त्यावर तीन गोष्टी उभारता येतील : मालवण, कुडाळ, वेंगुर्ले आदी तालुक्यांतील निरोगी भाषकांच्या बोलण्याचे वय व शिक्षण यांनुसार नमुने, मालवणीत आणि प्रमाण मराठीत स्वतंत्रपणे बेतलेल्या व स्वतंत्रपणे गुण देणाऱ्या चाचण्या, आणि रुग्ण आजारापूर्वी कोणाशी कसे बोलत असे याची कुटुंबीयांकडून घेतलेली नोंद. बाह्यकाचे थर व पेशी सर्व भाषकांत सारख्याच असतात. म्हणूनच ‘तो गेलो’ या वाक्याचा निवाडा सूक्ष्मदर्शकावर सोपवता येत नाही. तो बोलीचे व्याकरण जाणणाऱ्यालाच करावा लागेल.