नेट स्लो आहे? आधी वायर लावा!

दिवाळीत मीरा रोडला घरी गेलो तर बाबा वैतागलेले. रात्री नऊनंतर ताईच्या ऑफिसच्या मीटिंग असतात, आणि नेमका तेव्हाच तिचा आवाज तुटायचा. साहेबांनी तिला दोनदा सुनावलं होतं. बाबा दुसऱ्या कंपनीला वर्षाचे पैसे आगाऊ भरायला निघाले होते. "तू इंजिनीअर होणार ना, बघ जरा!" झालं, आली का पंचाईत!

पहिला घोळ आकड्यांचा. "प्लॅन ५० चा, डाउनलोड ६ नेच होतं," इति बाबा. अहो, प्लॅन मेगाबिटमध्ये, डाउनलोड मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे ६ बरोबरच! (२००४ च्या सरकारी धोरणात तर २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हटलं होतं.)

मग दुपारी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडला: ४८. वायफायवर: १४. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आणि आमच्या घरात शेजाऱ्यांची सतरा नेटवर्क दिसत होती! राउटर कपाटामागून काढला, ५ गिगाहर्ट्झ चालू केलं. वायफाय सुधारलं.

पण रात्री नऊला वायरवरच ९. म्हणजे दोष घरातला नव्हे. सगळी बिल्डिंग एकदम नेटवर बसली की पुढची लाइन पुरत नाही. तीन रात्रींचे आकडे लिहून तक्रार केली. उत्तर आलं, "राउटर रीस्टार्ट करा."

बदलायचं ठरलं, पण लगेच नाही. नव्या कंपनीचं कनेक्शन शेजारच्या काकूंकडे होतं. रात्री नऊला लॅपटॉप घेऊन तिकडे गेलो: ४४. तरी बाबांना महिन्याचाच प्लॅन घ्यायला लावला, आणि तोवर जुनं कनेक्शन तोडू दिलं नाही.