फेरफार, गुंठे आणि न बदलणारे ऑब्जेक्ट

जामखेड तालुक्यातल्या कुठल्याही गावचा जुना, हाताने लिहिलेला सातबारा समोर घ्या. जमीन विकली गेली तरी आधीच्या मालकाचं नाव खोडलेलं नसतं. त्याला कंस केलेला असतो, नवीन नाव लिहिलेलं असतं आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना 6 बघितला की बदल कशामुळे झाला ते कळतं. गंमत अशी की फेरफाराला इंग्रजी महसुली भाषेत म्युटेशन म्हणतात, आणि आज आपण बोलणार आहोत ते इम्युटेबल क्लासबद्दल. म्हणजे असा क्लास, ज्याचा ऑब्जेक्ट एकदा तयार झाला की त्याच्या आतलं काहीही बदलत नाही.

संशोधनात पडणाऱ्याला हे कशाला हवं? कारण सर्वेक्षणाची आकडेमोड आज ना उद्या तुम्हालाच प्रोग्रामने करायची आहे, आणि तिथली सगळ्यात वाईट चूक तीच, जी एरर देत नाही.

समजा, तुम्ही शेतजमिनीच्या वाटणीवर काम करताय. जावामध्ये 'क्षेत्र' नावाचा क्लास लिहिला. त्यात एकर आणि गुंठे अशी दोन फील्ड, दोन्हींना सेटर. दोन भावांच्या वाट्याला प्रत्येकी 2 एकर 20 गुंठे आले, म्हणून एकच ऑब्जेक्ट बनवून दोन्ही खात्यांना जोडला. पुढे नव्या मोजणीत थोरल्याचे 5 गुंठे कमी भरले. तुम्ही त्याच्या खात्यातून क्षेत्र घेतलं आणि सेटरने गुंठे 15 केले. झालं! धाकट्याचेही 5 गुंठे गेले, कारण दोन्ही खाती एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवत होती. प्रोग्राम व्यवस्थित चालतो, तक्ता छापला जातो, एकूण बेरीज 5 गुंठ्यांनी चुकलेली असते आणि प्रबंध तपासणाऱ्यालाही ते दिसत नाही.

इथे एक फरक समजून घ्या. एरिक इव्हान्स यांनी 2003 च्या 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' या पुस्तकात तो नीट मांडला आहे: काही गोष्टींना स्वतःची ओळख असते, काहींना फक्त मूल्य. आपल्या जिल्ह्याचंच घ्या. 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचं जन्मगाव चोंडी याच तालुक्यातलं. नाव बदललं तरी जिल्हा तोच राहिला, चोंडी आणि खर्डा जिथे होती तिथेच आहेत. म्हणजे जिल्हा हा ओळख असलेला ऑब्जेक्ट. पण 'अहमदनगर' हा शब्द स्वतः बदलून 'अहिल्यानगर' झाला नाही, त्याच्या जागी दुसरा शब्द आला. शब्द, तारीख, रक्कम, क्षेत्रफळ ही मूल्यं. ती बदलत नसतात, बदलली जातात ती त्यांना धरून ठेवणारी खाती. जावातली स्ट्रिंग पहिल्यापासून इम्युटेबल आहे ती उगाच नाही.

मग क्लास लिहायचा कसा? जोशुआ ब्लॉक यांच्या 2001 च्या 'इफेक्टिव्ह जावा' मधली कृती आजही चालते. सेटर नकोत. फील्ड प्रायव्हेट आणि फायनल. क्लासही फायनल, नाहीतर कोणीतरी सबक्लास काढून मागच्या दाराने बदल करेल. तपासणी कन्स्ट्रक्टरमध्येच: उणे क्षेत्रफळ आलं तर ऑब्जेक्ट जन्मालाच येऊ द्यायचा नाही. एकदा जन्मला की पुन्हा तपासायची गरज नाही, कारण तो बिघडूच शकत नाही. आणि 'वजा' ही मेथड आतले आकडे बदलत नाही, नवीन क्षेत्र परत देते. थोरल्याच्या खात्यात ते नवीन क्षेत्र ठेवा, धाकट्याचं जुनं आपोआप सुखरूप.

खरी डोकेफोड समानतेची आहे, आणि यावर लोक पुरेसा वेळ घालवत नाहीत असं माझं मत. 1 एकर आणि 40 गुंठे समान की वेगळे? शेतकरी समान म्हणेल, पण दोन फील्ड जशीच्या तशी ताडून बघणारा प्रोग्राम वेगळे म्हणेल. म्हणून आत एकच एकक ठेवा. त्यात सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, बोलण्यात गुंठे. बरेच जण गुंठा म्हणजेच आर धरून चालतात. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, बरोबर 101.17141056 चौरस मीटर. आर म्हणजे 100. एकरामागे जवळजवळ 47 चौरस मीटरचा फरक पडतो! तेव्हा कन्स्ट्रक्टरला नुसता आकडा देऊ नका. तो प्रायव्हेट करा आणि 'गुंठ्यांवरून', 'आरवरून' अशा दोन स्टॅटिक मेथड द्या, म्हणजे एकक सांगितल्याशिवाय क्षेत्र बनणारच नाही.

आत डबल वापरलात तर दशांशाच्या बारीक चुकांमुळे समान क्षेत्रं असमान ठरू शकतात. बिगडेसिमल बरा, पण त्याचाही नखरा आहे: त्याच्या इक्वल्स मेथडला 2.0 आणि 2.00 वेगळे वाटतात. दशांशस्थळं कायम 8 ठेवली तर पूर्ण गुंठे आणि पूर्ण आर दोन्ही अचूक बसतात आणि हा प्रश्न मिटतो. इक्वल्स लिहिलं की हॅशकोड लिहायलाच हवा. बदलणारा ऑब्जेक्ट हॅशमॅपची की म्हणून ठेवला आणि मग बदलला, तर हॅश बदलतो आणि नोंद मॅपमध्ये असूनही सापडत नाही. इम्युटेबल की असेल तर हा प्रकार होत नाही.

जावाच्या कर्त्यांनाही हे महागात पडलं. 1996 च्या पहिल्या आवृत्तीतला डेट क्लास बदलता येणारा होता. 2014 च्या जावा 8 मध्ये लोकलडेट आला, तो इम्युटेबल. मात्र त्याची प्लसडेज मेथड वापरताना परत आलेली तारीख कशात तरी साठवा. नुसती मेथड बोलावून पुढे गेलात तर मूळ तारीख आहे तिथेच राहते.

2021 च्या जावा 16 पासून रेकॉर्ड मिळाले, त्यामुळे बरंच लिखाण वाचतं. पण रेकॉर्डमध्ये लिस्ट ठेवली तर फायनल असतो तो फक्त तिच्याकडचा दुवा. बाहेरून कोणीही त्या लिस्टमध्ये गट नंबर घुसवू शकतो. कन्स्ट्रक्टरमध्ये लिस्ट.कॉपीऑफ वापरा. पायथनवाल्यांनो, फ्रोझन डेटाक्लासचंही तसंच आहे, तिथे लिस्टऐवजी ट्युपल घ्या.

सगळंच इम्युटेबल करायला जाऊ नका. खातं बदलू द्या, फक्त प्रत्येक बदलाबरोबर जुनं क्षेत्र, नवीन क्षेत्र आणि कारण एका यादीत जोडत जा. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी 'मोजणीपूर्वीचा तक्ता दाखव' म्हटलं तर तो त्या यादीतून परत उभा करता येतो. लाखो आकड्यांचा मॅट्रिक्स असेल आणि प्रत्येक पायरीला एकच घर बदलत असेल, तर दरवेळी नवी प्रत काढणं वेळ आणि मेमरी दोन्ही खाईल. तिथे बदलणारा ॲरे एकाच मेथडच्या आत वापरा, काम संपलं की त्याची न बदलणारी प्रत बाहेर द्या.