पेरिटोनियल डायलिसिसची द्रावणे

पेरिटोनियल डायलिसिसची द्रावणे ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या उदरपोकळीत नळीवाटे सोडली जाणारी निर्जंतुक द्रावणे आहेत. द्रावण काही तास पोटात राहते. त्या काळात रक्तातील टाकाऊ पदार्थ व जादा पाणी उदरपटलातून (पेरिटोनियम) द्रावणात उतरते आणि नंतर ते द्रावण काढून टाकले जाते. द्रावणात ग्लुकोज, क्षार व एक बफर असतो. बफरनुसार त्यांचे लॅक्टेटयुक्त, बायकार्बोनेटयुक्त व मिश्र असे प्रकार पडतात.

बफरचे कार्य

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर शरीरात आम्ल साठते आणि रक्तातील बायकार्बोनेट घटते. ही तूट भरून काढण्याचे काम बफर करतो. पूर्वी काही द्रावणांत ॲसिटेट वापरले जाई. परंतु त्यामुळे उदरपटलाची हानी होत असल्याचे दिसल्यावर त्याचा वापर सोडून देण्यात आला.

लॅक्टेटयुक्त द्रावणे

पारंपरिक द्रावणांत लॅक्टेटचे प्रमाण लिटरला ३५ ते ४० मिलिमोल असते. शरीरात, मुख्यतः यकृतात, त्याचे बायकार्बोनेटमध्ये रूपांतर होते. या द्रावणांचा सामू (पीएच) सुमारे ५.५ असतो, तर रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो. उष्णतेने निर्जंतुकीकरण करताना ग्लुकोजचे विघटन होऊन उदरपटलाला अपायकारक पदार्थ तयार होतात. द्रावण आम्लधर्मी ठेवल्यास हे विघटन कमी होते, पण थांबत नाही. काही रुग्णांना असे द्रावण आत सोडताना पोटात वेदना होतात.

दोन कप्प्यांच्या पिशव्या

बायकार्बोनेट व कॅल्शियम एकत्र साठवल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. म्हणून पिशवीच्या एका कप्प्यात अतिशय आम्लधर्मी ग्लुकोज-द्रावण व कॅल्शियम, तर दुसऱ्यात बफर ठेवतात. वापरापूर्वी मधला पडदा उघडून दोन्ही मिसळावे लागतात. न मिसळलेले द्रावण पोटात जाणे धोकादायक असते. मिश्र प्रकारातील एका प्रचलित द्रावणात २५ मिलिमोल बायकार्बोनेट व १५ मिलिमोल लॅक्टेट असते. याच पद्धतीने उदासीन सामूचे, केवळ लॅक्टेट असलेले द्रावणही तयार करता येते.

तुलनात्मक अभ्यास

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व सिंगापूर येथील १८५ रुग्णांवरील दोन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडांची उरलेली कार्यक्षमता घटण्याच्या वेगात दोन्ही गटांत निर्णायक फरक आढळला नाही. मात्र नव्या द्रावणाच्या गटात लघवी पूर्ण बंद होण्यास अधिक काळ लागला आणि उदरपटलदाहाचे प्रमाण कमी राहिले. हे नवे द्रावण लॅक्टेटयुक्तच होते. फरक सामूचा व विघटित पदार्थांचा होता. त्यामुळे दोन कप्प्यांच्या द्रावणांचे सर्व लाभ बायकार्बोनेटचे मानता येत नाहीत.

२०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार अशी द्रावणे वर्षभराहून अधिक काळ वापरल्यास लघवीचे प्रमाण अधिक टिकते. बायकार्बोनेटमुळे द्रावण सोडतानाची वेदना कमी होऊ शकते. रुग्णाचे आयुष्य वाढते का, याबाबत मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही.

लघवी टिकून राहणे रुग्णासाठी महत्त्वाचे असते, कारण रोज किती पाणी पिता येईल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.