संगणक मध्येच बंद पडतो तेव्हा

गेम सुरू केला की थोड्याच वेळात डेस्कटॉप खटकन बंद होतो. बहुतेक जण आधी व्हायरसला दोष देतात. तो इथे क्वचितच गुन्हेगार असतो. पहिला संशय घ्यावा उष्णतेचा. बरेचसे आधुनिक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की आधी आपला वेग कमी करतात आणि तरीही पारा चढत राहिला, तर संगणक सरळ बंद होतो. प्रोसेसर जळू नये म्हणून केलेली ही सोयच आहे. प्लग काढून कॅबिनेट उघडा. हीटसिंकच्या पात्यांत धूळ घट्ट बसलेली दिसेल, पंखा अडखळत असेल किंवा थर्मल पेस्ट वाळलेली असेल.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडली म्हणून हुरळू नका. संगणक नीट बंद झाला नव्हता, एवढंच ती सांगते; ते तर आपल्यालाही दिसलेलं असतं!

तापमान ठीक असेल, तर एसएमपीएस तपासा. ग्राफिक्स कार्ड एकदम जास्त वीज मागतं, स्वस्तातल्या किंवा जुन्या एसएमपीएसला ती झेपत नाही आणि तो स्वतःच बंद होतो. पुरेशा वॅटचा दुसरा एसएमपीएस जोडून पाहणं, हीच त्याची खात्रीची परीक्षा.