थीम पार्कला जाताय? आधी मुलांची उंची मोजा!

मुलांनी थीम पार्कचा हट्ट धरलाय आणि खिसा नाही म्हणतोय? मग तिकीट काढण्याआधी घरीच भिंतीशी उभं करून त्यांची उंची मोजा. खोपोलीचं इमॅजिका असो की बंगळुरू, कोची, हैदराबादचं वंडरला, मुलांचं तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरतं. मोठ्या राइड्सनाही उंचीची अट असते. रांगेत तासभर उभं राहून मूल परत फिरलं, की पैसे गेले ते गेलेच, वर रडारड! मूल थोडक्यात बुटकं पडत असेल तर सरळ एक वर्ष थांबा. तोवर गावची जत्रा आहेच.

शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी तिकीट बऱ्याचदा स्वस्त असतं, रांगाही छोट्या.

खरी गळती मात्र गेटच्या आत होते. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, मग भाड्याने घ्यावे लागतात. नायलॉनचे घरूनच न्या. बाहेरचं खाणं बहुधा आत सोडत नाहीत, म्हणून पोटभर पोहे खाऊनच निघा. आणि मुंबईकरांनो, इमॅजिकासाठी टॅक्सी ठरवण्याआधी खोपोली लोकलचं वेळापत्रक बघा. थेट गाड्या मोजक्याच, पण कर्जतला गाडी बदलता येते.